जाळ्याची रंगीत तालीम
(लिनक्स संगणकावर 'एनएस-३' कसे बसवावे आणि ते आपल्या कामाचे का आहे)

द्वितीय वर्ष, कला शाखा

आपल्या पालघर जिल्ह्यात 'जाळे' हा शब्द उच्चारला की प्रथम सातपाटीचा किनारा डोळ्यांसमोर येतो. कोणत्या मासळीसाठी वीण किती बारीक हवी, दोर किती जाड हवा, भरतीच्या ओढीला जाळे टिकेल की नाही, याचा विचार कोळी बांधव होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच करतात. समुद्रात गेल्यावर जाळे फाटले तर एका फेरीचे डिझेल आणि दिवस दोन्ही वाया जातात. संगणकांच्या आणि मोबाइलच्या जाळ्यालाही हाच न्याय लागू आहे. मनोरा चुकीच्या टेकडीवर उभा राहिला तर खर्च बुडतोच, शिवाय ज्यांच्यासाठी तो उभारला त्यांना वर्षानुवर्षे त्याचा उपयोग होत नाही. म्हणून जाळे प्रत्यक्ष टाकण्यापूर्वी ते संगणकातच उभारून पाहण्याचे एक शास्त्र निर्माण झाले आहे. त्याला 'नेटवर्क सिम्युलेशन' म्हणतात. मराठीत आपण त्याला जाळ्याचे प्रतिरूपण म्हणू.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझा मुख्य विषय भूगोल आहे. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत कामगार आहेत आणि आमचे घर बोईसरच्या पूर्वेस एका पाड्यावर आहे. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. २०२० साली शाळा बंद होऊन शिक्षण मोबाइलवर आले तेव्हा मी नववीत होते. आमच्या पाड्यावर ध्वनिलहरी पोहोचत नव्हत्या असे आम्ही त्या वेळी म्हणत असू. पोहोचत नव्हत्या त्या रेडिओलहरी, हे पुढे कळले. आम्ही सातआठ मुले टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली जाऊन धडे उतरवून घेत होतो. झाडाखाली 'रेंज' मिळते आणि पन्नास पावले खाली उतरले की जाते, असे का व्हावे, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी या आज्ञावलीपर्यंत आले. प्रस्तुत लेखात प्रतिरूपण म्हणजे काय, त्यासाठी लागणारी 'एनएस-३' ही मोफत आज्ञावली लिनक्स संगणकावर कशी बसवावी, तिच्यावर पहिला प्रयोग कसा करावा आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रतिरूपण म्हणजे काय?

स्नेहसंमेलनातील नाटकाची रंगीत तालीम आपण सर्वांनी पाहिली आहे. वेशभूषा, प्रकाश, पडदा सर्व खरे असते, फक्त प्रेक्षक नसतात. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून प्रवेश करता येतो. अणुवीजकेंद्राचा नियंत्रणकक्ष सांभाळणाऱ्यांनाही प्रथम हुबेहूब तशाच कृत्रिम कक्षात सराव करावा लागतो, कारण खऱ्या अणुभट्टीवर 'बघू या काय होते ते' असे म्हणून चालत नाही. प्रतिरूपण ही जाळ्याची रंगीत तालीम होय. संगणकाच्या स्मृतीत आपण काही केंद्रे कल्पितो, त्यांना जोडणाऱ्या वाटा कल्पितो, त्या वाटेवरून संदेशांची पाकिटे सोडतो आणि कोणते पाकीट केव्हा पोहोचले, कोणते वाटेत हरवले, याची नोंद घेतो.

या तालमीतील घड्याळ मात्र निराळे असते. एस. टी. आगारातील वेळापत्रकाची वही आठवा. त्यात सहा दहाची गाडी, सहा चाळीसची गाडी अशा नोंदी वेळेच्या क्रमाने असतात. या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वहीच्या दृष्टीने काहीच घडत नाही. प्रतिरूपणाची आज्ञावली अशीच एक वही बाळगते आणि एका नोंदीवरून थेट दुसऱ्या नोंदीवर उडी मारते. त्यामुळे तालमीतील दहा सेकंद आपल्या घड्याळात क्षणार्धात संपू शकतात. उलट केंद्रे व पाकिटे पुष्कळ असतील तर तालमीतील एका मिनिटासाठी आपल्याला तासभरही थांबावे लागते.

विषय आपल्या दारातला

हा विषय परदेशी प्रयोगशाळेतला आहे असे समजण्याचे कारण नाही. गेल्या दशकात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे पवईच्या आय. आय. टी.ने, ग्रामीण भागात इंटरनेट नेण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग केला तो आपल्याच पालघर तालुक्यात. त्या प्रकल्पाचे नाव 'ग्राममार्ग' आणि त्याचे नेतृत्व प्रा. अभय करंदीकर यांनी केले. वैतरणेच्या खोऱ्यातील खामलोली, जांभळांसाठी प्रसिद्ध असलेले बहाडोली, धुकटण ही गावे त्यात होती.

प्रयोगामागील विचार समजण्यास सोपा आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिलाच 'भारतनेट' हे नाव मिळाले. काचेच्या तंतूची केबल ग्रामपंचायतीपर्यंत न्यावी, हा तिचा मूळ हेतू. परंतु आपल्याकडे ग्रामपंचायत म्हणजे एकच वस्ती नव्हे. एका ग्रामपंचायतीत कितीतरी पाडे असतात आणि त्यांच्यामध्ये ओढे, शेते, डोंगर व वनखात्याची जमीन असते. पंचायतीच्या कार्यालयापासून पाड्यापर्यंतचा जो मधला टप्पा, तोच अडतो. तेथे केबल पुरणे महाग व अवघड. मग तो टप्पा बिनतारी लहरींनी ओलांडावा, पण कोणत्या लहरींनी?

दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्याकडे संशोधकांचे लक्ष गेले. हा पट्टा १२० मेगाहर्ट्झ रुंदीचा. त्यातील वापरात नसलेला भाग किती, याची मोजदाद आय. आय. टी.च्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केली. उत्तर वगळून देशाच्या चार विभागांत सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक भाग रिकामा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. या मोकळ्या जागेला 'टीव्ही व्हाइट स्पेस' म्हणतात. कमी वारंवारतेच्या या लहरी झाडीतून व उंचसखल भागातून तुलनेने चांगल्या जातात. त्यांच्यावर मधला टप्पा पेलावा आणि गावात पोहोचल्यावर साध्या वाय-फायने घरोघर वाटप करावे, अशी ती रचना होती. पुढे वाय-फायच्याच ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा वापर करूनही गावे जोडण्यात आली. चालविण्याच्या खर्चासाठी सरकार, खासगी व्यावसायिक आणि पंचायत यांच्या भागीदारीची योजना त्यांनी मांडली. २०१७ साली मोझिला या संस्थेच्या 'इक्वल रेटिंग' या जागतिक स्पर्धेत 'ग्राममार्ग'ला पहिला क्रमांक मिळाला. खामलोलीतील प्रयोगाची जगाने दखल घेतली आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नाही, ही गोष्ट मला लागली. या लेखाचे तेही एक कारण आहे.

लिनक्स आणि 'एनएस-३'

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणक चालविणाऱ्या एका नव्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तीच लिनक्स. तिच्या आधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' ही मुक्त आज्ञावलींची चळवळ जाहीर केली होती. या दोहोंच्या संयोगातून आज आपण वापरतो त्या उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा प्रणाली तयार झाल्या. मुक्त याचा अर्थ केवळ फुकट असा नाही. आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व दुसऱ्याला देण्याची मुभा त्यात असते. सुगरणीने पदार्थाबरोबर कृतीही द्यावी, तसे हे आहे.

'एनएस' म्हणजे नेटवर्क सिम्युलेटर. त्याचे मूळ १९८९ सालच्या 'रिअल' नावाच्या आज्ञावलीत असून ती अमेरिकेतील बर्कली येथे एस. केशव या भारतीय संशोधकाने लिहिली होती. तिच्यातूनच नव्वदीच्या दशकात 'एनएस'ची पहिली व दुसरी आवृत्ती निघाली. तिसरी आवृत्ती, म्हणजे 'एनएस-३', ही मात्र नव्याने लिहिण्यात आली. तिचे काम २००६ मध्ये सुरू झाले व २००८ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. ती सी-प्लस-प्लस या संगणकभाषेत असून तिचा परवानाही मुक्त आहे. जगभरचे संशोधक वापरतात तेच साधन एक पैसाही न देता बोईसरच्या विद्यार्थ्याला मिळते, ही साधी गोष्ट नव्हे.

उभारणीची कृती

माझ्याकडे जुना, चार जीबी स्मृतीचा टेबलावरचा संगणक होता व त्यावर उबुंटू बसविलेली होती. ज्यांना लिनक्सचा मुळीच परिचय नाही त्यांनी आय. आय. टी. मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील लिनक्सचे पाठ पाहावेत. ते मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. पुढील आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकावयाच्या.

पहिली पायरी हत्यारे जमविण्याची. मूळ संहिता यंत्राला समजेल अशा रूपात आणण्यासाठी संकलक, म्हणजे कंपायलर, लागतो. टर्मिनलची काळी खिडकी उघडून प्रथम 'सुडो ऍप्ट अपडेट' ही आज्ञा द्यावी. मग 'सुडो ऍप्ट इन्स्टॉल' असे लिहून पुढे एकेक जागा सोडून पाच नावे द्यावीत : जी-प्लस-प्लस, पायथन-३, सी-मेक, निंजा-बिल्ड आणि गिट. 'जी' नंतर बेरजेची दोन चिन्हे आहेत आणि बाकी नावांतील आडव्या रेघा जागच्या जागी हव्यात. 'पायथन-३' व 'सी-मेक' यांत मात्र रेघ नसते, अक्षरे सलग लिहायची. 'सुडो' याचा अर्थ ही आज्ञा यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने पार पाडावी. तो अधिकार हत्यारे बसविण्यापुरताच वापरावा. पुढील सर्व कामे साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात करावयाची आहेत.

दुसरी पायरी मूळ संहिता आणण्याची. 'एनएस-३'च्या अधिकृत स्थळावर ती एका गठ्ठ्याच्या रूपात मिळते. त्या गठ्ठ्याच्या नावात 'ऑलइनवन' असा शब्द असतो. तो पेन ड्राइव्हवर सहज मावतो. मी तो महाविद्यालयात उतरवून घेतला आणि घरी नेला. येथे एक गमतीची, पण आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट सांगितली पाहिजे. हत्यारे व गठ्ठा एकदा यंत्रावर आले की पुढे इंटरनेटची गरजच उरत नाही. जेथे जाळे पोहोचलेले नाही त्या पाड्यावर बसून जाळ्याचा अभ्यास करता येतो.

तिसरी पायरी गठ्ठा सोडण्याची. 'टार' ही आज्ञा, पुढे 'एक्स-एफ' ही खूण व गठ्ठ्याचे नाव दिले की एक फोल्डर तयार होते. 'सी-डी' या आज्ञेने त्यात व तेथून आतील 'एनएस-३' नावाने सुरू होणाऱ्या फोल्डरात जावे.

चौथी पायरी जुळणीची. 'टिंब, तिरपी रेघ, एनएस३' असे लिहून पुढे 'कॉन्फिगर' हा शब्द द्यावा. टिंब आणि तिरपी रेघ यांचा अर्थ 'मी उभी आहे त्याच फोल्डरातील'. त्याच ओळीत दोन आडव्या रेघांनंतर 'एनेबल-एक्झाम्पल्स' व पुन्हा दोन रेघांनंतर 'एनेबल-टेस्ट्स' असे लिहिल्यास नमुना प्रयोग व चाचण्याही मिळतात. २०२२ पूर्वीच्या आवृत्त्यांत या कामासाठी 'वाफ' नावाचे साधन होते. जुन्या पुस्तकांत व टिपणांत तीच कृती दिलेली आढळते आणि नव्या आवृत्तीवर ती चालत नाही. म्हणून टिपण कोणत्या सालचे आहे हे आधी पाहावे. जुळणीच्या शेवटी एक यादी येते व तिच्या तळाशी काही विभाग घडविता येणार नाहीत असे लिहिलेले असते. ते पाहून घाबरू नये. ते विभाग विशेष कामांसाठी असून त्यांना जादा साहित्य लागते. आपले काम त्यांवाचून अडत नाही.

पाचवी पायरी घडणीची. त्याच 'टिंब, तिरपी रेघ, एनएस३' पुढे 'बिल्ड' असे लिहावे. संकलक शेकडो फायली एकामागून एक घडवू लागतो. यंत्राची स्मृती कमी असेल तर 'जे' ही खूण देऊन एका वेळी एक किंवा दोनच फायली घ्याव्यात असे सांगता येते, नाहीतर यंत्र गुदमरते. माझ्या यंत्राला या कामास जवळजवळ दोन तास लागले. आईने मध्येच येऊन 'हे यंत्र नुसतं मोजतंय काय?' असे विचारले. ते खरोखर मोजतच होते.

सहावी पायरी खात्रीची. 'रन' या शब्दापुढे 'हॅलो-सिम्युलेटर' असे दिले की पडद्यावर 'हॅलो सिम्युलेटर' एवढेच दोन शब्द उमटतात. ते उमटले म्हणजे उभारणी झाली.

पहिला प्रयोग

'एनएस-३'बरोबर 'फर्स्ट' नावाचा नमुना प्रयोग येतो. त्यात दोनच केंद्रे आहेत. त्यांना जोडणाऱ्या वाटेची क्षमता सेकंदाला ५० लाख बिट आणि वाटेवरचा विलंब २ सहस्रांश सेकंद ठेवलेला आहे. दुसऱ्या सेकंदाला पहिले केंद्र १०२४ बाइटचा मजकूर पाठविते व दुसरे केंद्र तोच मजकूर परत करते. प्रयोग चालविला की चार ओळी उमटतात. त्यांचा सारांश असा : पाकीट २ सेकंदाला निघाले, २.००३६९ सेकंदाला पोहोचले, लगेच परत निघाले आणि २.००७३७ सेकंदाला मूळ जागी आले.

हे आकडे कोठून आले, हे वहीवर करून पाहण्यात खरा आनंद आहे. मजकुरावर पत्ता लिहावा लागतो. त्यासाठी तीन वेगवेगळे लिफाफे अनुक्रमे ८, २० व २ बाइटची भर घालतात. एकूण झाले १०५४ बाइट, म्हणजे ८४३२ बिट. त्यांना ५० लाखांनी भागले की ०.००१६८६४ सेकंद येतात. हा पाकीट वाटेवर ठेवण्याचा वेळ. त्यात विलंबाचे ०.००२ मिळविले की ०.००३६८६४. दुप्पट केले की येण्याजाण्याचा वेळ ०.००७३७२८. यंत्राचे उत्तर व माझ्या वहीतील उत्तर जुळले तेव्हा या काळ्या खिडकीत जादू काही नाही, आपल्या शाळेतील भागाकारच आहे, हे मनाला पटले.

पाड्याचा प्रयोग

नमुन्याची प्रत 'स्क्रॅच' या फोल्डरात ठेवून तिच्यातील आकडे आपल्याला हवे तसे बदलता येतात. मी तीन बदल करून पाहिले.

पहिल्यात वाटेची क्षमता सेकंदाला ६४ हजार बिट केली. तेच पाकीट आता २.१३३७५ सेकंदाला पोहोचले. फरक सेकंदाच्या आठव्या भागाएवढा. पण हे एकाच लहान पाकिटाचे झाले. पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र २० लाख बाइटचे असेल तर या वाटेवर त्याला लिफाफे सोडूनही २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. ५० लाखांच्या वाटेवर त्यालाच ३.२ सेकंद पुरतात. आणि ही ५० लाखांची वाटसुद्धा चाळीस विद्यार्थ्यांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा लाख बिट येतात. साध्या दर्जाच्या चित्रफितीला सेकंदाला ५ लाख बिट लागतात असे धरले तर एका वेळी दहाच मुले पाठ पाहू शकतील. 'गावात नेट आले' एवढ्या वाक्याने काहीच कळत नाही. ते किती आले आणि कितीजणांत आले हे विचारले पाहिजे.

दुसऱ्या प्रयोगात क्षमता पूर्ववत ठेवून विलंब वाढविला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्यास लहरीला सुमारे ०.२४ सेकंद लागतात. हा आकडा घातल्यावर पाकिटाचे उत्तर २.४८३३७ सेकंदाला आले. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर येईतो जवळजवळ अर्धा सेकंद गेला. याउलट पाच किलोमीटरवरील मनोऱ्यापर्यंत लहर सेकंदाच्या साठ हजाराव्या भागात पोहोचते. 'तुमचा पाडा फार लांब आहे' असे उत्तर आम्हाला पूर्वी अनेकदा ऐकावे लागले. वेळेचा हिशेब पाहता पाच किलोमीटर हे अंतर काहीच नाही. अडचण आहे ती लहरीच्या बळाची.

तिसऱ्या प्रयोगात दुसऱ्या केंद्राचे काम दीड सेकंदालाच थांबविले. पहिल्या केंद्राने ठरल्याप्रमाणे दुसऱ्या सेकंदाला पाकीट सोडले आणि पडद्यावर एकच ओळ उमटली. उत्तर आलेच नाही. पावसाळ्यात वीज जाते व मनोरा मुका होतो, तेव्हा आपल्या मोबाइलमध्ये नेमके हेच घडत असते.

तालमीला रान ठाऊक नसते

आता लहरीच्या बळाविषयी. मोकळ्या आकाशात, अँटेनांचा गुण समान धरल्यास, लहरीचा क्षय वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५८०० मेगाहर्ट्झ हे ५०० मेगाहर्ट्झच्या ११.६ पट, म्हणून तेवढ्याच अंतरावर ती लहर सुमारे १३५ पट क्षीण होऊन पोहोचते. खामलोलीच्या प्रयोगात दूरचित्रवाणीचा पट्टा का निवडला, याचे एक कारण या गणितात आहे. दुसरे कारण झाडी. लहरीच्या वाटेत उभे असलेले ओले पान तिचे बळ शोषून घेते आणि वारंवारता जितकी जास्त तितका हा तोटा अधिक. टेकडीवरील मोहाखाली 'रेंज' मिळण्याचे आणि खाली जाण्याचे कोडे येथे उलगडते. वरून मनोऱ्याकडे मोकळी दृष्टी होती. खाली उतरल्यावर मध्ये टेकडीचा उतार व रान येत होते.

'एनएस-३'मध्ये हा क्षय मोजण्याची अनेक सूत्रे तयार मिळतात. त्यांपैकी एक फार प्रसिद्ध सूत्र ओकुमुरा आणि हाता या जपानी शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते. ओकुमुरा यांनी १९६०च्या दशकात टोकियो व आसपासच्या भागात मोजमापे घेतली आणि हाता यांनी १९८० साली त्यांवरून सूत्र बसविले. त्यात शहर, उपनगर व मोकळे मैदान असे पर्याय आहेत. परंतु सागाचे रान हा पर्याय त्यात नाही. आपल्याकडचा साग फाल्गुनापासून उघडा पडतो आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा भरतो. त्याची पाने हातभर रुंद. एप्रिलमध्ये मोजलेली बिनतारी वाट जुलैमध्ये तशीच राहील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. टोकियोत काढलेल्या सूत्राला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्या पाड्यावरील सात वर्षांच्या मुलाला मात्र हे ठाऊक आहे.

या अभ्यासातून मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. आज्ञावली आपल्याला गणित चोख करून देते, पण गावाची माहिती तिला आपणच पुरवावी लागते. दोन पाड्यांमधील चढ किती, रान कोणत्या झाडांचे, ते कोणत्या महिन्यात उघडे पडते, वीज दिवसातून किती तास असते, पावसाळ्यात ओढा भरल्यावर दुरुस्तीचा माणूस येऊ शकतो का, शाळेत मुले किती, महिन्याला किती पैसे देणे घरांना झेपते, हे सर्व आकडे घातल्याशिवाय तालीम पूर्ण होत नाही. आणि हे आकडे गोळा करणे हे भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचे काम आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सूत्र बदलता येते; कोणता आकडा बदलावा हे आपण सांगू शकतो. जेथे हे दोघे एकत्र बसत नाहीत तेथे टेकडी चुकते.

म्हणून माझी वर्गबंधूंना व भगिनींना एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळजण विक्रमगड, जव्हार, डहाणू, वाडा या भागांतून रोज किंवा सुटीत ये-जा करतात. प्रत्येकाने आपल्या पाड्याविषयी एकच पान लिहावे. जवळचा मनोरा कोणत्या दिशेस व अंदाजे किती अंतरावर आहे, मध्ये काय येते, पाड्यात कोठे उभे राहिले असता 'रेंज' मिळते व कोठे जाते, हे त्यात असावे. ही नोंद दोनदा करावी : एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात. भूगोलाच्या सरांनी हे काम प्रात्यक्षिकाच्या वहीत धरण्याचे मान्य केले आहे. महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील दोन यंत्रांवर 'एनएस-३' बसवून ठेवले आहे आणि गठ्ठ्याची प्रत असलेला पेन ड्राइव्ह ग्रंथालयात मागितल्यावर मिळतो. शनिवारी दुपारी दोन ते चार मी तेथे असते. ज्याला आपला पाडा या तालमीत उभा करून पाहावयाचा असेल त्याने आपले पान घेऊन यावे.